पहिलंच रीडिंग लिहायचं

किस्से गोळा करायचे म्हणून कोणी बसत नाही. आपण आपलं काम करत असतो, चिडत असतो, घरी येऊन भांडी आपटत असतो, आणि एक दिवस लक्षात येतं की अरे, हे तर केवढं साठलंय! मग कोणाकडे तरी पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, पावभाजीची प्लेट हातात येते आणि कोणीतरी म्हणतं, "सांग ना गं, तुझ्या त्या शेतावरचं काहीतरी."

शेतावरचं म्हणजे माझ्या क्लिनिकमधलं. मी गायनॅक आहे. मूळची नागपूरची, आता अमेरिकेतल्या नोव्हाय शहरातली. माझा नवरा संदीप गाड्यांच्या कंपनीत ब्रेक डिझाइन करतो, आणि मी आठवड्यातले तीन दिवस दोन तास ड्राइव्ह करून मिशिगनच्या अशा कोपऱ्यात जाते जिथे साखरेचं बीट, मका, गाई आणि चर्च सोडून काही नाही. तिथे एक छोटं हॉस्पिटल होतं. पूर्वी बाळंतपणं व्हायची. मग हॉस्पिटलच्या हेड ऑफिसनं बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला, परवडत नाही म्हणून. आता त्याच इमारतीत आमचं क्लिनिक आहे. नऊ महिने तपासायचं आम्ही आणि बाळंतपणाला जायचं शहरात, सव्वा तासावर. बर्फ पडला की किती तासांवर ते विचारू नका.

आणि तिथल्या बायकांना काय असतं माहितीये? बीपी. एकीला नाही, दोघींना नाही, ढिगानं. गरोदरपणात बीपी चढतं, वेळेत लक्ष दिलं तर बाई घरी जाते, बाळ घरी जातं. नाही दिलं तर फिट येते, रक्तस्राव होतो, कधी दोघंही जातात. यात काही रॉकेट सायन्स नाही. एक पट्टा, एक मशीन, एक माणूस जो आकडा बघून हलेल. बस!

शॅननचं नाव आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती येतच राहणार. पंचविशीची पोरगी, डेअरीवर गाईंचं दूध काढणारी, पहिलंच बाळंतपण. तिच्या मोठ्या बहिणीला वॉर्ड बंद झाल्यावर, शहरात जाताना, गाडीतच फिट आली. बहीण वाचली, बाळ गेलं. शॅनन पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हाच तिचं बीपी वर होतं. तिनं मला एकच विचारलं, "माझं गाडीत होणार नाही ना?" मी म्हटलं, नाही होऊ देणार. म्हटलं खरं. मग तेव्हापासून मला जे बघावं लागलं त्यानं माझंच बीपी वाढलं.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आमची नर्स लिंडा. साठीची बाई, सगळं आयुष्य त्या वॉर्डात काढलेलं, गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर झालेली. वॉर्ड गेल्यावर तिला क्लिनिकमध्ये आणून बसवलं. स्वभाव इतका प्रेमळ की काय सांगू.

एक गरोदर बाई आली. लिंडानं बीपी घेतलं, जास्त आलं. लिंडा म्हणाली, घाईघाईत आलीस ना राणी, जरा पाणी पी. पुन्हा घेतलं, जास्तच. मग तिला डाव्या कुशीवर झोपवलं, दिवा बारीक केला, पांघरूण घातलं, तिच्या आईची चौकशी केली आणि वरच्या हाताला पट्टा लावून तिसऱ्यांदा घेतलं. आलं कमी. लिंडानं समाधानानं तेवढाच आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकला. आधीचे दोन गेले कुठे? गेले!

आता कुशीवर झोपलं की वरचा हात छातीच्या वर जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. हे काही लिंडानं शोधलेलं नव्हतं. आधीच्या डॉक्टरांनीच पाडलेली पद्धत होती, चांगला आकडा येईपर्यंत घ्यायचं आणि चांगला आला की थांबायचं. सगळे तेच करत होते, अगदी मनापासून.

मी तिथेच सांगितलं, आजपासून बाईला खुर्चीत नीट बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, थोडा वेळ शांत बसू द्यायचं आणि मग जे पहिलं रीडिंग येईल ते लिहायचं. नंतर हवी तेवढी घ्या. पण पहिलं लिहायचंच.

लिंडा पट्टा गुंडाळून बाहेर गेली. थोड्या वेळानं दार लावून आत आली आणि म्हणाली, "डॉक्टर, लिहिलं की तिला शहरात पाठवावं लागतं."

मी म्हटलं, मग पाठवायचं.

"गाडी एकच, ती नवरा कामाला नेतो. ती जाणार नाही. मग कागदावर दिसणार की आपण पाठवलं आणि ती गेली नाही. म्हणजे उद्या काही झालं तर चूक तिची."

बोला आता! मी भांडायला तयार होऊन बसले होते, आणि भांडायचं तरी कोणाशी? घरी येईपर्यंत गाडीत एकटीच ओरडत होते. घरी आल्यावरही आवाज तोच राहिला असणार, कारण आमची इरा हेडफोन काढून म्हणाली, "मॉम, यू आर शाउटिंग. अँड नोबडी इज फायटिंग विथ यू."

*

पुढचा किस्सा त्याचंच शेपूट. पहिलं रीडिंग लिहायला लागून काही महिने झाले आणि हेड ऑफिसहून ब्रॅडचा फोन आला. ब्रॅड म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या क्लिनिकांचा मुख्य. उंच, गोरा, दात एकदम सरळ. वॉर्ड बंद करायच्या कागदावर सही त्याचीच. डॉक्टर नाही, मॅनेजमेंटचा माणूस, पण बोलताना "आपले पेशंट" म्हणतो.

व्हिडिओ कॉलवर त्यानं मला एक ग्राफ दाखवला. आमच्या क्लिनिकला म्हणे गरोदर बायकांचं बीपी उत्तम ठेवल्याबद्दल आधी दरवर्षी अवॉर्ड मिळालं होतं. काचेची ती पाटी रिसेप्शनवर असते, मी त्यावर रोज माझा स्कार्फ टांगते. आणि आता रेघ एकदम वर. त्यानं माझ्या जॉइनिंगच्या ठिकाणी बाण काढून ठेवला होता!

मी समजावलं. कुशीवर झोपवणं, वरचा हात, खोटा आकडा, सगळं. तो मान हलवत होता. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "मला एवढंच दिसतंय डॉक्टर, की तुम्ही येण्याआधी इथे हा प्रॉब्लेम नव्हता."

रात्रीच्या जेवणाला मी हे संदीपला सांगितलं. तो शांत माणूस, आमटीत पोळी बुडवत ऐकत होता. म्हणाला, आमच्याकडे ब्रेकचा लाल दिवा लागला आणि कोणी त्यावर चिकटपट्टी लावली ना, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. तुमच्याकडे काय करतात?

मी म्हटलं, अवॉर्ड देतात.

*

आता पट्ट्यांचं ऐका. बीपीचा पट्टा दंडाच्या मापाचा लागतो. दंड मोठा आणि पट्टा लहान, तर आकडा उगाचच जास्त येतो. आमच्याकडे एकच माप, मधलं. तिथल्या बायका शेतात, गोठ्यात राबणाऱ्या, दंड भरलेले. पट्टा अर्धा लागायचा आणि चर्रर्र करून सुटायचा. त्यामुळे झालं काय, की खरंच बीपी असलं तरी सगळे म्हणणार, छे, तो पट्ट्याचा दोष! बायकासुद्धा म्हणायला शिकल्या होत्या. शॅननही पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती, आणि तिचं बीपी मी घरून नेलेल्या पट्ट्यानं घेतलं तेव्हा कुठे खरं कळलं.

मी हेड ऑफिसला लिहिलं, मोठे पट्टे पाठवा, गरोदर बायकांसाठी. दोन आठवडे काही नाही. पुन्हा लिहिलं. मग एक खोकं आलं. लिंडानं कौतुकानं उघडलं. आत छान छोटे छोटे पट्टे, माझ्या अंगठ्याला घट्ट बसतील एवढे, वर बदकांची चित्रं. नवजात बाळांचे!

मी फोन केला. पलीकडे एक तरुण पोरगा, आवाजात अगदी मदतीची तळमळ. म्हणाला, ऑर्डर मॅटर्निटीची होती ना, म्हणून बाळांचे पाठवले. तुमच्याकडे बाळंतपणं होतात ना?

मी म्हटलं, "होत होती. तुम्हीच बंद केलीत."

तो म्हणाला, सॉरी, त्यासाठी वेगळं डिपार्टमेंट आहे, लाइन ट्रान्सफर करू का?

*

शॅननला मी गोळी सुरू केली आणि घरी मोजायला मशीनही दिलं. हे हेड ऑफिसचं नवीन खूळ. मशीन स्वतःच मोबाइलच्या नेटवर्कवरून आकडा पाठवतं, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला कॉम्प्युटर तो बघतो, आणि जास्त असला तर पेशंटला फोन करतो. ब्रोशर इतकं देखणं की मला स्वतःलाच गरोदर व्हावंसं वाटलं असतं!

फक्त शॅननच्या घराला सिग्नल नाही. चारी बाजूंना मका, आणि जवळचा टॉवर लांब. सिग्नल मिळतो तो चर्चच्या पार्किंगमध्ये. ती बिचारी रोज सकाळी गोठ्यातलं काम झालं की पिकअप घेऊन चर्चपाशी जायची, गाडीत बसून बीपी घ्यायची, आकडा गेला की घरी यायची. आकडा जास्त असला की कॉम्प्युटर फोन करायचा, तोवर ही घरी, जिथे मोबाइल लागत नाही. तीन वेळा फोन उचलला नाही म्हणून कॉम्प्युटरनं तिच्या नावापुढे काय लिहावं? पेशंट सहकार्य करत नाही!

हे वाचून मी उठले ती थेट फोनपाशी. मशीनवाल्या कंपनीच्या बाईला म्हटलं, ती मुलगी पोटातलं बाळ घेऊन रोज चर्चला जाते तुमच्यासाठी, अजून किती सहकार्य करायचं? बाई म्हणाली, पेशंटला सांगा की मोजण्याआधी पाच मिनिटं आणि मोजल्यावर अर्धा तास शांत बसायचं, पण सिग्नल असेल अशा जागी.

मी हे शॅननला जसंच्या तसं सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "पास्टरला विचारते, खाट टाकू देतात का."

मी हसले नाही. मी ते मशीन परत पाठवलं, तिला साधं, आकडा दाखवणारं मशीन घेऊन दिलं आणि सांगितलं, रोज क्लिनिकच्या साध्या फोनवर लिंडाला आकडा सांगायचा. घरी लँडलाइन होती. इतका वेळ कोणी विचारलंच नव्हतं.

*

सातव्या महिन्यात मी तिच्या मालकाला चिठ्ठी दिली, की हिला हलकं काम द्या, उभं राहायचं काम नको. मालकाचं नाव रॉन. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम सांगते, कारण त्यामुळेच जास्त राग येतो. त्यानं तिला लगेच दूध काढण्यावरून काढलं आणि वासरांना दूध पाजायला ठेवलं. हलकं काम! दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या आणि दिवसभर गोठ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे.

मी फोन केला. मला वाटलं, आता जुंपणार. पण रॉन फारच नम्रपणे बोलला. म्हणाला, मला माहीतच नव्हतं, उद्यापासून ती ऑफिसात बसेल. मग थोडं घुटमळून म्हणाला, एक विचारू का डॉक्टर? आणि त्यानं जे विचारलं ते मी आजपर्यंत निदान वीस जणांना सांगितलंय.

"माझी गाय गाभण असताना आडवी झाली, तर गुरांचा व्हेट अर्ध्या तासात गोठ्यात येतो. रविवार असो, बर्फ असो. तुमच्यात असं का नाही करत?"

मी त्याला थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. लिंडा म्हणाली, काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही, व्हेटचा नंबर दे मला.

*

आता नोव्हायचं, आमच्या मराठी मंडळींचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त अमेरिकनांवर चिडते.

एका पॉटलकला मी शॅननचं नाव न घेता हेच सगळं सांगत होते, तर आमच्यातले एक सद्‌गृहस्थ गुलाबजाम खात म्हणाले, "यार, ते लोक दिवसभर सोडा आणि चिप्स खातात, बीपी नाही होणार तर काय होणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, तशीच एक बाई पहाटे उठून तुमच्या चहातलं दूध काढते, म्हणून तुम्ही इथे बसून बोलू शकताय. संदीपनं माझ्या हातातली प्लेट काढून घेतली. त्याला वाटलं मी फेकेन.

त्यानंतर काही दिवसांनी त्याच ग्रुपमधल्या ऋताचं डोहाळेजेवण होतं. फुलांचे दागिने, फुलांचा मुकुट, चंद्रकोरीचा झोपाळा, फोटोग्राफर, सगळं यथासांग. ऋता झोपाळ्यावर बसून डोकं दाबत होती. मला ते दुरूनच दिसलं. सासूबाई म्हणाल्या, निशिगंधाच्या वासानं डोकं चढलंय. कोणी म्हणालं ॲसिडिटी. कोणी म्हणालं दृष्ट लागली, इतकी गोड दिसतेय. पाय सुजलेले होते, तर एक मावशी म्हणाल्या, सुजणारच, मला तर चप्पल होत नव्हती.

तिथे मुकुंदकाका होते. मुलाकडे आलेले, रिटायर्ड, खिशात कायम बीपीचं मशीन. कुठेही गेले की आधी ते काढतात आणि मग सगळे पुरुष ओळीनं हात पुढे करून बसतात. त्या दिवशीही बेसमेंटमध्ये त्यांचा दरबार भरला होता. मी खाली गेले, एका सद्‌गृहस्थाच्या मनगटावरून मशीन उतरवलं, वर आले आणि ऋताला खुर्चीत बसवून फुलांचं कंकण बाजूला करून लावलं.

आकडा बघितला आणि म्हटलं, चला, हॉस्पिटलला. आत्ता. मुकुट काढायचा थांबू नका.

तिचा नवरा निखिल, हुशार मुलगा, मोठ्या पोस्टवर. पांढराफटक पडला. मला म्हणाला, "पण ताई, आपण तर नोव्हायला राहतो ना?"

हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. तिथे स्पेशालिस्ट होते, औषध होतं, लहान बाळांचा आयसीयू होता. ऋता मुकुटासकट पोचली, दोन दिवसांनी सुखरूप बाळंत झाली, आम्ही पेढे खाल्ले. मला फार आनंद झाला, खरंच झाला. आणि घरी येताना मी गाडीत संदीपवर उगाचच ओरडले, कारण मला रस्ताभर शॅनन दिसत होती, तिच्या घराभोवतीचा मका दिसत होता, आणि आमच्या दहा मिनिटांच्या जागी तिचा सव्वा तास दिसत होता.

*

आणि आता शेवटचा. हा मी पॉटलकला सांगत नाही.

फेब्रुवारी होता. तिथल्या समुद्राएवढ्या तळ्यावरून बर्फाचं वादळ आलं होतं, रस्ते पांढरे, पुढचं काही दिसत नाही. त्याच दिवशी ब्रॅड आमच्या इमारतीत आला होता, आणखी पाच-सहा जणांना घेऊन, कसली तरी मीटिंग घ्यायला. आदल्या रात्रीच मोटेलात येऊन राहिले होते बिचारे. मीही तिथेच होते.

दुपारी शॅननचा नवरा कोडी तिला पिकअपमधून घेऊन आला. महिना बाकी होता. सकाळपासून पाठ दुखतेय, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे चमकतंय. लिंडानं बीपी घेतलं. पहिलंच रीडिंग असं की तिनं ते लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तपासलं तर बाळाचं डोकं खाली आलेलं. पाठदुखी कसली, ती बाळंत होत होती!

ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्या भागाची एकच ॲम्ब्युलन्स, ती हायवेवर उलटलेल्या ट्रककडे गेलेली. हेलिकॉप्टरवाले म्हणाले, या हवेत उडणार नाही. कोडी म्हणाला, मी नेतो गाडीतून. शॅनननं माझा हात असा धरला की अंगठी रुतली. ती म्हणाली, "गाडीत नाही."

मी म्हटलं, गाडीत नाही.

पण कुठे? आमच्या तपासायच्या खोल्या म्हणजे कपाटं. ऑक्सिजन नाही, बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढून काढायला सक्शन नाही. ते फक्त एका खोलीत होतं, कॉरिडॉरच्या टोकाच्या. तीच जुनी बाळंतपणाची खोली. वॉर्ड बंद झाल्यावर तिचं कॉन्फरन्स रूम केलं होतं, पण भिंतीतले ऑक्सिजन-सक्शनचे पॉइंट काढायला खर्च येतो म्हणून तसेच ठेवून त्यावर प्रोजेक्टरचा पडदा टांगला होता.

मी आणि लिंडानं स्ट्रेचर ढकललं ते थेट दारातून आत. आत दिवे मंद, टेबलावर सँडविचचे ट्रे, पडद्यावर स्लाइड. ग्रामीण मातांची सुरक्षा, असं मोठ्या अक्षरात. देवाशपथ. तीच मीटिंग होती!

ब्रॅड खुर्चीतून अर्धवट उठला. त्याला नीट दिसलंही नसावं. म्हणाला, "डॉक्टर, ही रूम दोनपर्यंत आमच्या नावावर बुक आहे."

मी मराठीत जे म्हटलं ते इथे सांगत नाही. नागपूरला भर बाजारात म्हटलं असतं तरी लोकांनी वळून बघितलं असतं. इंग्रजीत म्हटलं, लाइट लावा आणि बाहेर व्हा. लिंडानं टेबल दंडानं रिकामं केलं, सँडविच गालिच्यावर. पडदा वर गेला. पॉइंट उघडले. ऑक्सिजन येत होता.

फिट येऊ नये म्हणून द्यायचं औषध आणि बीपीचं इंजेक्शन मी हेड ऑफिसशी भांडून पेटीत ठेवून घेतलं होतं. इथे बाळंतपणं होत नाहीत मग हे कशाला, असं विचारलं होतं मला. सुई लावली, बॅग जोडली, आणि बघते तर बॅग टांगायला स्टँडच नाही. वॉर्डाबरोबर तेही कुठेतरी गेलं होतं. बाकीचे सगळे बाहेर पळाले होते. ब्रॅड तेवढा भिंतीला चिकटून उभा, त्याला जायला वाटच नव्हती. मी बॅग त्याच्या हातात दिली.

मी म्हटलं, "वर धरा. खाली आणलीत तर याद राखा."

त्यानं धरली. पूर्ण वेळ धरली, सूट घालून, डोक्याच्या वर. त्याच्या डोळ्यांसमोर सगळं झालं. शॅनन ओरडली, कोडी तिचं डोकं धरून रडत होता, लिंडा तिला जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांना सांगितलं असेल तेच सांगत होती, आता ढकल राणी, आता थांब. बाळ आलं, मुलगी, एवढीशी, निळसर, आणि गप्प. लिंडानं सक्शन लावलं, पाठ चोळली, ऑक्सिजन धरला. मी शॅननकडे बघत होते आणि कान बाळाकडे होते. आयुष्यात इतका वेळ मी कशाची वाट बघितलेली नाही.

मग पोरगी रडली. चांगली खणखणीत रडली.

शॅननचं बीपी उतरायला लागलं होतं. फिट आली नाही. बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वर लिंडाचा स्वेटर घातला. ॲम्ब्युलन्स निघाली असा निरोप आला. खोलीत अचानक शांत झालं, फक्त ऑक्सिजनचा आवाज आणि पायाखाली सँडविच.

शॅननला तेव्हा कुठे दिसलं की आपल्या डोक्याशी एक अनोळखी माणूस हात वर करून उभा आहे. तिनं लिंडाला विचारलं, हे कोण?

लिंडा बाळाचे पाय पुसत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "हे ब्रॅड. इथला वॉर्ड यांनी बंद केला."

शॅनन त्याच्याकडे बघत राहिली. तो बॅग वरच धरून होता.

"हात दुखतोय?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, थोडा.

शॅनन म्हणाली, "दुखू दे."